बावीस पौंड

आमच्या धंद्यात दाब हा शब्द नव्हता. आम्ही हवा म्हणायचो. हवा किती, तर तीस. तीस म्हणजे तीस पौंड. स्कूटरवर एकटा माणूस असेल तर मागच्या चाकात कमी, डबल सीट असेल तर जास्त. ट्रक रिकामा असेल तर वेगळी, भरलेला असेल तर वेगळी. ओझं वाढलं की हवा वाढवायची, एवढ्या शास्त्रावर मी एकतीस वर्षं पंक्चर काढली.

पहिली काही वर्षं स्वारगेटला दुसऱ्याच्या टपरीवर काढली, मग धायरीत स्वतःची टपरी टाकली. मागे एक मोठी खोली बांधली. समोर ज्वारी असायची. पुढे तिथे इमारती आल्या आणि इमारतींखाली मोटारी आल्या. सायकलींवर सुरू केलेलं दुकान मोटारींवर चालायला लागलं. मुलगा योगेश कॉल सेंटरच्या पोरापोरींची ने-आण करणारी इंडिका चालवायला लागला. तो रात्रपाळी करून सकाळी यायचा आणि दुपारपर्यंत झोपायचा. सून भाग्यश्री एका काचेच्या इमारतीत साफसफाईच्या कामाला होती. ती सकाळी सातला जायची, संध्याकाळी यायची.

दोन हजार चारच्या जानेवारीत गोदाला, म्हणजे माझ्या बायकोला, लकवा मारला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मोठ्या दवाखान्यात सोळा दिवस ठेवून घेतलं आणि मग घरी न्या म्हणाले. डॉक्टर तरुण होता. त्याने भरभर सांगितलं की दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर जिथे हाडं टेकतात तिथे जखमा होतात. हवेची गादी मिळते, ती घेतली तर फार बरं. मग त्याने मराठीत छापलेला एक कागद दिला. योगेशने वाचून दाखवायला हात पुढे केला, तर मी म्हणालो, राहू दे, मला येतं.

मला वाचता येत होतं. पाच वर्षांपूर्वी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, सुहासिनीबाईंनी शिकवलं होतं. त्या शहरातल्या मुलींच्या शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. आमच्या समोरच्या इमारतीत राहायला आल्या तेव्हा लूना घेऊन हवेला थांबल्या आणि माझी पाटी वाचत राहिल्या. रंगाऱ्याने ‘पंचर काडून मिळेल’ असं लिहिलं होतं. मला काय कळणार. बाई म्हणाल्या, “तुमच्या पाटीवर ढ नाही. आत बसलाय वाटतं.” दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने हसून अर्थ सांगितला, तेव्हा मीही हसलो, पण ते मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी मीच त्यांना विचारलं की शिकवाल का. त्या म्हणाल्या, फी म्हणून लूनाची हवा. अक्षरं सात महिन्यांत आली. मग बेरीज, वजाबाकी, गुणाकार, आणि शेवटी भागाकार. भागाकार मला फार आवडायचा. कितीही मोठी गोष्ट वाटून टाकता येते, असं वाटायचं.

दवाखान्याच्या त्या कागदावर सहावी ओळ होती, ‘शरीराच्या एकाच भागावर दाब येऊ देऊ नये.’ मी ती दोनदा वाचली. दाब म्हणजे वरून येणारं ओझं, असं मी धरलं. घरी आल्यावर गोदाच्या अंगावरची जाड गोधडी काढली आणि पातळ चादर घातली. थंडीचे दिवस होते. ती कुडकुडायला लागली तेव्हा खिडकीला पोतं बांधलं. खालूनही दाब येतो हे डोक्यात आलं नाही. गादी खाली पडून असते, ती कुणाला काय दाबणार.

आठ दिवसांनी तिच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला. भाग्यश्रीने पावडर लावली. योगेश म्हणाला, बाबा, ती हवेची गादी घेऊन टाकू, मी बघून येतो. मी त्याला म्हणालो, “हवेची वस्तू हिंमतरावाने बाजारातून आणायची? लोक काय म्हणतील?” तो रात्रभर गाडी चालवून आलेला होता. वाद न घालता झोपला.

मी चार ट्यूबा निवडल्या. स्कूटरच्या, चांगल्या, एकही जोड नसलेल्या. नुसती ट्यूब भरली तर फुग्यासारखी फुगत जाते, ओझं धरत नाही. ती टायरात असली तरच धरते. म्हणून ट्रकवरच्या जुन्या ताडपत्रीचं जाड कापड कापलं, त्याच्या गोल पिशव्या केल्या, चांभाराच्या दोऱ्याने दोनदा शिवल्या आणि त्यात ट्यूबा घातल्या. हवा भरायचे वॉल बाहेर काढून ठेवले, म्हणजे कधीही हवा तपासता येईल. एक खांद्याखाली, एक कमरेखाली, एक गुडघ्यांखाली, एक टाचांखाली. वर दुहेरी लुगडं.

आता हवा किती भरायची. दवाखान्यात वजन केलं होतं, एक्केचाळीस किलो. किलोचे पौंड कसे करायचे ते बाईंनी शिकवलं होतं. नव्वद आले. ट्यूबा चार. नव्वदला चाराने भागलं तर साडेबावीस. टपरीच्या भिंतीवर खडूने भागाकार मांडला, दोनदा तपासला. अर्धा सोडून दिला. बावीस पौंड. प्रत्येक ट्यूब तिच्या वाट्याचं ओझं उचलेल आणि गोदा हवेवर तरंगेल. मला फार बरं वाटलं. आयुष्यभर हातांनी केलेलं काम आणि म्हातारपणी शिकलेला भागाकार, दोन्ही तिच्या कामी आले होते.

योगेशने बोटाने दाबून पाहिलं. कडक लागतंय, म्हणाला. मी त्याला सांगितलं की गाडीचं चाकपण कडकच लागतं, पण गाडीत बसलेल्याला धक्का कशामुळे लागत नाही? त्याला ते पटलं. मलाही पटलं.

ट्यूबांवर ठेवल्यापासून गोदा एक शब्द बोलायला लागली. इतक्या दिवसांत तिच्या तोंडून अस्पष्ट आवाज यायचे, पण हा शब्द साफ होता. “दगड.” डावा हात उचलून ती गादीच्या कडेवर मारायची आणि म्हणायची, दगड. थांबून पुन्हा, दगड.

आम्हाला वाटलं, वाचा परत येतेय. भाग्यश्रीने देवापुढे साखर ठेवली. आम्ही वाशीमकडून पुण्यात आलो तेव्हा पहिली अकरा वर्षं गोदा कात्रजच्या बाजूला खाणीवर खडी फोडत होती. योगेशला तिथेच पोत्यावर झोपवायची. डॉक्टर म्हणाला होता, अशा पेशंटला जुनं जुनं आठवतं. म्हणून ती दगड म्हणाली की मी तिच्याशी खाणीच्या गोष्टी बोलायचो. तुझा तो हातोडा आठवतो का, तो मुकादम सर्जेराव आठवतो का, ज्याच्या तोंडावर तू भाकरी फेकली होतीस. ती माझ्याकडे बघत राहायची. डोळ्यांतून पाणी यायचं. मला वाटायचं, आठवणींनी येतंय.

आणखी एक गोष्ट मी केली. आधी मी दर दोन तासांनी दुकान सोडून आत यायचो आणि तिची कूस बदलायचो. ट्यूबा आल्यावर तीन तास, चार तास होऊ दिले. गिऱ्हाइकं थांबायची, पोरांना ऑफिसला उशीर होत असायचा. म्हटलं, हवा सांभाळतेय.

डाग मोठा झाला, मग त्याची साल गेली. मग खुब्यावर दुसरा आला. गल्लीतले डॉक्टर येऊन पट्टी करून जायचे. त्यांनी विचारलं, खाली काय आहे. मी म्हणालो, हवेची गादी. त्यांनी चादर उचलून पाहिलं नाही, मान हलवली आणि मलम लिहून दिलं.

फेब्रुवारीच्या शेवटी एके दिवशी सकाळपासून गोदा गप्प होती. दगड नाही, हात आपटणं नाही. दुपारी गाढ झोपली. चेहरा सैल पडला होता. संध्याकाळी मी हवा तपासली तर कमरेखालच्या ट्यूबमध्ये काहीच नव्हतं. पार बसली होती. मी चरकलो. म्हटलं, दिवसभर पोर उघड्यावर पडल्यासारखी पडली होती आणि आपल्याला पत्ता नाही. ट्यूब काढली, फुगवून पाण्याच्या घमेल्यात बुडवली, वॉलच्या बुडाशी बुडबुडे निघत होते तिथे घासून, सोल्यूशन लावून ठिगळ बसवलं. आयुष्यात इतकं नीट पंक्चर मी काढलं नसेल. बरोबर बावीस भरली आणि तिच्याखाली सरकवली.

थोड्या वेळाने आतून आवाज आला, दगड.

सुहासिनीबाई तेव्हा अमेरिकेत होत्या. त्यांचा मुलगा वरद तिकडे संगणकाच्या कामात होता. नोव्हेंबरात गेल्या होत्या, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आल्या आणि दुसऱ्याच दिवशी लूना घेऊन टपरीवर उभ्या राहिल्या. तिकडे काय पाहिलं विचारलं तर म्हणाल्या, “तिकडे हवा आपली आपण भरायची असते. तुमच्यासारखा उपदेश करायला कुणी नसतं, त्यामुळे गाड्या नीट चालतात.” मग माझं तोंड पाहून त्यांनी लूना स्टँडला लावली.

मी सगळं सांगितलं. जखमा भरत नाहीत, आता वास यायला लागलाय, ताप उतरत नाही. मग ट्यूबांचं सांगितलं. ते सांगताना माझा आवाज जरा वर गेला असेल. माझ्या गुरूला मी काय केलं ते दाखवायचं होतं.

बाई आत आल्या. गोदाला हाक मारली. गोदाने हात आपटला, दगड म्हणाली. बाईंनी चादर बाजूला करून कमरेजवळच्या ट्यूबवर अंगठा ठेवला आणि दाबला. ट्यूब हलली नाही. अंगठ्याचं टोक पांढरं पडलं.

“हवा किती आहे?”

“बावीस.”

“बावीस कुठून आणलेत?”

मी भागाकार तोंडी म्हणून दाखवला. एक्केचाळीस किलो, नव्वद पौंड, ट्यूबा चार. बाईंनी मधे काही म्हटलं नाही. नेहमी त्या मधे बोलायच्या.

“योगेशला उठवा,” त्या म्हणाल्या. “हिला आधी यावरून खाली घ्या.”

“का पण?”

“आधी घ्या. मग सांगते.”

घरात कापसाची एक जुनी गादी होती, भाग्यश्रीच्या लग्नातली. ती जमिनीवर घातली, तिच्यावर आणखी एक. मी, योगेश आणि बाई, तिघांनी गोदाला उचलून त्यावर ठेवलं, डाव्या कुशीवर, जखमेखाली काही न येऊ देता. गोदाने श्वास सोडला. इतका लांब श्वास मी तिच्याकडून दोन महिन्यांत ऐकला नव्हता. डाव्या हाताने तिने गादी चाचपली, मुठीत धरली, सोडली. काही म्हणाली नाही. पाचेक मिनिटांत झोपली.

योगेश बसून राहिला. बाई मला घेऊन बाहेर आल्या. समोर त्याची इंडिका उभी होती. बाई म्हणाल्या, “हिंमतराव, ही गाडी किती वजनाची असेल?”

मी म्हणालो, टनाच्या आसपास, जॅक लावताना हाताला कळतं.

“चाकांत हवा किती?”

“तीस. चारी मिळून एकशे वीस पौंड.”

“आणि टनाचे पौंड किती?”

मी मनात गुणाकार केला. बावीसशे.

“मग बावीसशे पौंडांची गाडी एकशे वीस पौंडांवर उभी कशी राहते?”

एकतीस वर्षं मी चाकांत हवा भरली, आणि गाड्या उभ्या राहिल्या, आणि हे मला कधी दिसलं नाही. बावीसशे आणि एकशे वीस. गाडी खाली बसायला हवी होती.

बाईंनी जॅक लावायला सांगितला. पुढचं चाक उचललं. टायरला खालून जुनं काळं ऑईल फासलं, खाली वर्तमानपत्र घातलं आणि चाक खाली सोडलं. परत उचललं. कागदावर काळा ठसा उठला होता, माझ्या पंजाएवढा. असे ठसे पावसाळ्यात टपरीपुढच्या फरशीवर मी हजारो पाहिले होते. बाईंनी पर्समधून पट्टी काढली. लांबी पाच इंच, रुंदी साडेतीन.

“गुणा.”

साडेसतरा आले.

“गाडी जमिनीला एवढ्याच जागेत टेकते. हे साडेसतरा चौरस इंच झाले. तुमचे तीस पौंड सगळ्या चाकाचे नाहीत. ते एका चौरस इंचाचे आहेत. प्रत्येक चौरस इंचावर तीस. त्याला दाब म्हणतात. आता गुणा.”

मी काटकी घेऊन मातीत गुणलं. साडेसतरा गुणिले तीस, सव्वापाचशे. चार चाकांचे एकवीसशे. किलो केले तर साडेनऊशेच्या वर. योगेशने गाडीचं पुस्तक आत ठेवलेलं होतं, त्यात वजन मी वाचलेलं होतं, हजाराला थोडं कमी. जमत होतं. पंजाएवढ्या चार ठशांवर सगळी गाडी जमत होती. हवा कमी केली तर ठसा मोठा होणार, जास्त केली तर लहान, आणि गाडी तेवढीच. ओझं बदलत नाही, ओझ्याची जागा बदलते. हे सगळं माझ्या हातांना माहीत होतं, कमी हवेचं चाक पसरतं हे लहान पोरही सांगेल, पण त्याचा अर्थ आत्ता कळत होता.

मला आनंद झाला. हे सांगायला नको, पण झाला. मी बाईंकडे बघून हसलोसुद्धा.

बाई हसल्या नाहीत. तेव्हा माझं हसणं बंद झालं.

“मग गोदाला किती पायजे होती?” मी विचारलं.

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. “माणूस मऊ गादीवर पडला की पाठ, कंबर, मांड्या, पोटऱ्या, सगळं टेकतं. तीनशे चौरस इंच तरी टेकत असेल. करा भागाकार.”

नव्वद भागिले तीनशे. पूर्णांक येत नव्हता. बाईंनी दशांश शिकवला होता, तो मातीत मांडला. पाव पौंडाच्या थोडं वर.

“आणि बावीस भरली तर?”

“बावीसची ट्यूब तिच्या वजनाने दबतच नाही. ती दबली नाही तर टेकायला जागा किती? हाडं टेकतील तेवढी. सगळं वजन तेवढ्यावर. तिथलं रक्त पुढे सरकत नाही. रक्त नाही तर ते मांस मरतं.” त्या थांबल्या. “एका जागी दोन-तीन तासांत सुरू होतं.”

दोन-तीन तास. मी चार तास ठेवायचो.

मग मला तो दिवस आठवला, ट्यूब बसली होती तो, आणि गोदा झोपली होती तो. मी बाईंना ते सांगितलं नाही. पण सांगावं लागलंच नाही, कारण त्यांनी विचारलं, “ती दगड का म्हणते?”

मी खाणीचं सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

त्याच दिवशी दवाखान्यात नेलं. जखम धुताना त्यांनी मला आत घेतलं नाही, पण दार लागलेलं नव्हतं. कमरेखाली वाटीएवढा खड्डा होता आणि तळाला पांढरं दिसत होतं. ते हाड होतं. डॉक्टर म्हणाला, विष रक्तात उतरलंय, वय आहे, आम्ही औषधं देतो. त्यांच्याकडची हवेची गादी मी तिथे पाहिली. प्लास्टिकच्या पातळ नळ्या होत्या, हात ठेवला की आत जायचा. काही नळ्या भरायच्या तेव्हा काही रिकाम्या व्हायच्या, म्हणजे टेकायची जागा आपली आपण बदलायची. बाजूच्या यंत्रावर काटा होता. पौंडांत नव्हता.

आठ दिवसांनी तिला घरी न्या म्हणाले. ती भाषा आता मला कळत होती.

घरी कापसाच्या दोन गाद्यांवर ठेवलं. दर दोन तासांनी मी कूस बदलायचो, टपरी बंद होती. एके दुपारी ती जागी होती आणि खोलीत आम्ही दोघंच होतो. मी तिच्या तोंडाशी वाकून म्हणालो, “गोदे, ते दगड मीच घातले होते तुझ्याखाली. तू सांगत होतीस, मला कळलं नाही.”

तोंडाची डावी बाजू थोडी हलली.

“दगड,” ती म्हणाली.

गादीवर हात आपटला नाही. माझ्याकडे बघून म्हणाली. लग्न झाल्यापासून मी काही विसरलो, चुकलो की ती मला हेच म्हणायची, दगड आहात नुसते. तिने तेच म्हटलं की तिला दुसरा शब्दच येत नव्हता, ते मी ठरवू शकलो नाही. त्यानंतर ती काही बोलली नाही. बाई आल्या त्या दिवसापासून एकोणिसाव्या दिवशी, सकाळी नवाच्या सुमारास, ती गेली. भाग्यश्री कामावर पोहोचली होती, तिला फोन करून परत बोलावलं.

भेटायला आलेले सगळे म्हणाले, सुटली. गल्लीतले डॉक्टरही म्हणाले होते, एवढी सेवा कोण करतं. योगेशने लोकांना सांगितलं की बाबांनी स्वतःच्या हाताने तिच्यासाठी हवेची गादी केली होती. लोकांनी माना हलवल्या, कौतुकाने. मी त्याला गप्प बसायला सांगितलं तर त्याला वाटलं, मी दुःखाने बोलतोय. मग मी त्याला त्या ठशाचं आणि चौरस इंचाचं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, “बाबा, गादी आणायला मीच जाणार होतो. मी झोपलो.”

तेराव्यानंतर बाई आल्या. टपरीत बसल्या. भिंतीवर खडूचा भागाकार तसाच होता. नव्वद, चार, साडेबावीस. बाई त्याच्याकडे बघत होत्या.

“उत्तर बरोबर आहे,” त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, बाई, जाऊ द्या.

“जाऊ कसं देऊ? भागाकार मी शिकवला. भागायचं कशाने ते शिकवलं नाही. तुम्ही इतकी वर्षं पौंड पौंड म्हणत होतात माझ्यासमोर. मी रोज ऐकत होते. मला माहीत होतं की तुम्ही अर्धंच म्हणताय, मी दुरुस्त केलं नाही. ढ आणि ड दुरुस्त करत बसले.”

त्यांच्या तोंडून असं ऐकायची मला सवय नव्हती. मी लूनात हवा भरली. मागच्या चाकात भरताना त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही की किती.

त्या गेल्यावर मी खोलीत गेलो. ट्यूबा कोपऱ्यात होत्या. कुणी हवा सोडलेली नव्हती. योगेश त्या फेकून देणार होता, मी म्हणालो होतो, मी बघतो. काटा लावून पाहिला. एकवीस, बावीस, बावीस, एकवीस. एकवीसच्या दोन्हींत एकेक पौंड घातला. मग होत्या तशाच मांडल्या, खांदा, कंबर, गुडघे, टाचा, वर ते दुहेरी लुगडं घातलं आणि भिंतीवरच्या घड्याळात बघून त्यांच्यावर पाठ टेकली. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. दोन तास हलायचं नाही, असं ठरवलं होतं. निदान दोन.

पहिल्यांदा काही वाटलं नाही. मग माकडहाड कुठे आहे ते कळायला लागलं. नंतर खांद्याचं हाड, मग टाचा. पहिल्यांदा दुखलं, मग चटका बसल्यासारखं झालं, मग तिथे काही नसल्यासारखं वाटायला लागलं, आणि ते दुखण्यापेक्षा वाईट होतं. मी डावा हात उचलून ताडपत्रीवर आपटला. कसा आवाज येतो ते बघायला. बाहेर कुणीतरी स्कूटर थांबवून विचारत होतं, अहो काका, हवा आहे का. मी उत्तर दिलं नाही. तो थोडा वेळ थांबला आणि गेला.

तीन वाजून अडतीस मिनिटांनी माझ्याकडून कूस बदलली गेली. मला ती बदलता येत होती.